कोणी, काही आणि प्रत्येक : इंग्रजीतील अनिश्चित व पृथक्त्ववाचक सर्वनामांचे अध्यापन

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्नांच्या वर एक लहानशी सूचना छापलेली असते. ती बहुधा चार-पाच शब्दांची असते आणि तिच्यातील मुख्य शब्द क्रियापद नसून एखादे सर्वनाम अथवा सर्वनामासारखे विशेषण असते. 'आन्सर एनी थ्री' असे तेथे लिहिलेले असता मुलगा पाचही प्रश्न सोडवीत बसतो आणि शेवटच्या निबंधास त्याला वेळ उरत नाही. 'राइट वन सेंटेन्स ऑन ईच' असे असता तो सर्व शब्द एकाच वाक्यात कोंबतो. 'आयदर' हा शब्द पाहून दुसरा एखादा दोन्ही पर्याय लिहून मोकळा होतो. उत्तरे त्या मुलांना येत असतात. सूचनेतील एक लहान शब्द मात्र कळलेला नसतो, आणि गुण तेथेच जातात.

हे शब्द शिकविण्याचे काम माध्यमिक शाळेचे आहे अशी एक समजूत पूर्वी होती. इंग्रजीचा आरंभ वरच्या इयत्तांत होत असे त्या काळात ती काही अंशी योग्यही होती. परंतु महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून आला. 'एव्हरीबडी, स्टँड अप', 'एनीबडी अ‍ॅब्सेंट?', 'नो वन विल टॉक' ही वाक्ये आज खेड्यातील मूल वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षीच ऐकते. सर्वनाम हे नाव त्याला पुढे केव्हातरी कळेल. पण शब्दांचा अर्थ मनात बसतो तो याच वर्षांत, आणि चुकीचा बसला तर पुढे तो उखडून काढणे फार कष्टाचे होते. म्हणून प्राथमिक शिक्षकाने या शब्दांकडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. (येथे इंग्रजी शब्द वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत छापले आहेत. फळ्यावर ते अर्थातच रोमन लिपीतच लिहावे.)

प्रथम नावांविषयी थोडेसे. मराठी व्याकरणात 'कोण' व 'काय' ही सर्वनामे प्रश्न विचारण्यासाठी न येता नुसतीच, नक्की कोण वा नक्की काय हे न सांगता येतात, तेव्हा त्यांस सामान्य अथवा अनिश्चित सर्वनामे म्हणतात. इंग्रजीत या वर्गात 'समबडी', 'एनीबडी', 'नोबडी', 'समथिंग', 'नथिंग', 'नन', 'ऑल', 'सम', 'मेनी', 'फ्यू', 'वन' इत्यादी बरीच मंडळी येतात. दुसऱ्या वर्गात 'ईच', 'आयदर' व 'नायदर' हे तीन शब्द मोडतात. समुदायातील व्यक्ती वा वस्तू एकेक करून वेगळी काढून तिच्याविषयी बोलणे हे त्यांचे काम. त्यांस पृथक्त्ववाचक म्हणणे सोयीचे आहे. कारण 'एकेक', 'दहा-दहा' यांसारख्या संख्याविशेषणांसाठी हे नाव मराठी व्याकरणात रूढच आहे आणि शिक्षकांच्या परिचयाचेही आहे.

यांपैकी बहुतेक शब्दांपुढे नाम आले की ते विशेषण होतात आणि नाम नसले की सर्वनाम. 'ईच बॉय' यातील 'ईच' विशेषण, 'ईच ऑफ द बॉइज' यातील सर्वनाम. रेन व मार्टिन यांच्या सुप्रसिद्ध शालेय व्याकरणातही हाच भेद केलेला आहे. अलीकडील व्याकरणकार नामापूर्वी येणाऱ्या अशा शब्दांचा निराळाच वर्ग मानतात. प्राथमिक वर्गात या वादात शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र सांगावे की 'एव्हरी' हा शब्द कधीच एकटा उभा राहत नाही; त्याला पुढे नाम तरी लागते, नाहीतर 'वन', 'बडी', 'थिंग' यांपैकी एखाद्याचा टेकू लागतो. 'एव्हरी ऑफ द बॉइज' हे म्हणूनच चूक होय. 'एव्हरी वन ऑफ द बॉइज' हे बरोबर, आणि तेथे 'एव्हरी' व 'वन' सुटे लिहावयाचे.

आता खऱ्या अडचणीकडे वळावयाचे. मराठी मुलाच्या चुका आळसाच्या क्वचितच असतात. त्या बहुधा मराठीच्या नियमांनी घडविलेल्या असतात, आणि चुकीचे मूळ मराठीत कोठे आहे हे शिक्षकास दिसले की तिचे निवारण अर्धे झाले असे समजावे.

'कोणी' हा शब्द घ्यावा. 'दारात कोणी आले आहे', 'दारात कोणी आले आहे का?' आणि 'दारात कोणी आलेले नाही' या तीन मराठी वाक्यांत 'कोणी' तोच आहे. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी 'समबडी', दुसऱ्यासाठी 'एनीबडी' आणि तिसऱ्यासाठी 'नोबडी' असे तीन शब्द लागतात. 'काही' या शब्दाचेही तसेच : 'पिशवीत काही आहे', 'पिशवीत काही आहे का?', 'पिशवीत काही नाही'. आणि इंग्रजीत अनुक्रमे 'समथिंग', 'एनीथिंग', 'नथिंग'. शब्दकोशातून 'समबडी म्हणजे कोणीतरी, एनीबडी म्हणजे कोणीही, नोबडी म्हणजे कोणी नाही' असे पाठ करविले तर मुलाच्या मनात तीन सुटे अर्थ राहतात. त्याऐवजी वरील मराठी वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून त्यांतील 'कोणी' अधोरेखित करावा व त्याच्याच समोर इंग्रजी शब्द लिहावेत, म्हणजे एका मराठी शब्दाला इंग्रजीत विधान, प्रश्न व नकार यांप्रमाणे तीन वाटा फुटतात हे मुलास डोळ्यांनी दिसते. (पाहुण्यास चहा हवा काय असे विचारताना इंग्रजीत प्रश्न असूनही 'सम टी' म्हणतात, कारण तेथे होकाराचीच अपेक्षा असते. हा अपवाद पहिल्या तासाला सांगू नये.)

यांतील नकाराची वाट सर्वांत निसरडी आहे. मराठीत नकार क्रियापदाशी राहतो. कर्त्याच्या जागी 'कोणी', 'कोणीही', 'एकही' यांपैकी काहीही असो, 'नाही' येते ते क्रियापदापाशी. इंग्रजीत नकार दोन ठिकाणी बसू शकतो : क्रियापदाशी 'नॉट' म्हणून, किंवा सर्वनामाच्या पोटात 'नो' म्हणून. दोहोंपैकी कोठेतरी एकाच ठिकाणी तो असावा, दोन्ही ठिकाणी नसावा, हा आजच्या प्रमाण इंग्रजीचा नियम.

भारताच्या संविधानातील दोन अनुच्छेद या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. समानतेविषयीचा 14 वा अनुच्छेद आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य यांविषयीचा 21 वा. इंग्रजी संहितेत 14 व्या अनुच्छेदातील नकार 'नॉट' या शब्दाने क्रियापदाशी आहे व व्यक्तीपूर्वी 'एनी' आहे. 21 व्या अनुच्छेदाची सुरुवातच 'नो' या शब्दाने होते, आणि क्रियापद मग नकाररहित राहते. मराठी संहितेत मात्र दोन्हीकडे 'कोणत्याही व्यक्तीस' अशीच रचना आहे व नकार दोन्हीकडे वाक्याच्या अंती क्रियापदाबरोबर आला आहे. दोन्ही भाषांत अर्थ तंतोतंत तोच. नकाराचे घर मात्र वेगळे. सातवी-आठवीच्या मुलांपुढे संविधानाची इंग्रजी व मराठी प्रत ठेवून हा फरक त्यांच्याकडूनच शोधवून घेता येतो, आणि नागरिकशास्त्राचा पाठही त्यात होतो.

'कोणीही आले नाही' या मराठी वाक्याचे मुलगा शब्दशः इंग्रजी करतो ते 'एनीबडी डिड नॉट कम' असे. त्याच्या दृष्टीने ते सर्वस्वी तर्कशुद्ध आहे : 'कोणीही' म्हणजे 'एनीबडी', 'आले नाही' म्हणजे 'डिड नॉट कम'. किंवा त्याला 'नोबडी' आठवला तर तो 'नोबडी डिड नॉट कम' असे लिहितो, कारण मराठीने लावलेल्या सवयीमुळे क्रियापदाला नकार दिल्यावाचून त्याला चैन पडत नाही. पहिल्या चुकीवर एक सोपा नियम उपयोगी पडतो : 'एनी' व त्याची भावंडे नकाराच्या मागे चालतात, पुढे चालत नाहीत. 'आय डिड नॉट सी एनीबडी' यात 'नॉट' आधी, 'एनीबडी' नंतर. म्हणून ते शुद्ध. 'एनीबडी डिड नॉट कम' यात 'एनीबडी' पुढे धावला, म्हणून अशुद्ध. कर्त्याच्या जागी नकार हवा असेल तर 'नोबडी' किंवा 'नो वन' यांसच पाचारण करावे. हा एक नियम पाठ्यपुस्तकाच्या अनेक उदाहरणांचे काम करतो. मुलांना तो रांगेच्या खेळातून शिकविता येईल : शब्दांची पत्रे हातात घेऊन मुले उभी करावी आणि 'एनीबडी' धरणाऱ्या मुलाने 'नॉट' धरणाऱ्याच्या पुढे जाऊ नये एवढेच बंधन घालावे.

दुसऱ्या चुकीबद्दल, म्हणजे दुहेरी नकाराबद्दल, मुलाची हेटाळणी करण्यापूर्वी शिक्षकाने इंग्रजीचाच इतिहास ध्यानी घ्यावा. चौदाव्या शतकातील चॉसर या कवीच्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सहज येत, आणि त्यांचा अर्थ एकमेकांस खोडून न काढता नकार दृढ करण्याचाच असे. अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी त्यावर कडक बहिष्कार घातला. इंग्लंडमधील व अमेरिकेतील कित्येक बोलींत तो आजही जिवंत आहे. तेव्हा 'नोबडी डिड नॉट कम' म्हणणारे मूल बुद्धिहीन नव्हे. त्याला प्रमाण भाषेची आजची रीत शिकवावयाची आहे एवढेच.

'एनी' चा आणखी एक उपयोग आहे व प्रश्नपत्रिकेतील घोटाळा त्यातूनच निघतो. 'एनी बॉय कॅन डू धिस' म्हणजे 'हे कोणताही मुलगा करील'. येथे वास्तविक अर्थ असा की ज्याला निवडाल तो चालेल; आणि ज्याला निवडाल तो चालत असेल तर सर्वच चालतात, म्हणून मुलास 'एनी' म्हणजे 'सर्व' असा भास होतो. मराठीतील 'कोणताही' हा शब्दही असाच भास करून देतो. परंतु 'एनी' पुढे संख्या आली की ती मर्यादा ठरते. 'एनी थ्री' म्हणजे निवड तुमची, पण संख्या तीनच. वर्गात पाच पेन्सिली टेबलावर ठेवून 'टेक एनी टू' असे सांगावे. कोणत्या उचलल्या यावर शिक्षकाने काहीच बोलू नये, पण तिसरीला हात लागताच थांबवावे. एकदा असे झाले की परीक्षेच्या दिवशी त्या सूचनेचा अर्थ सांगत बसावे लागत नाही.

'ईच' व 'एव्हरी' यांची जोडी याहून अधिक रंजक आहे. दोहोंस मराठीत 'प्रत्येक' हाच शब्द. त्यांचे नातेही निकटचे. 'एव्हरी' हा शब्द मुळात प्राचीन इंग्रजीतील 'एव्हर' व 'ईच' यांच्या पूर्वरूपांच्या जोडणीतून झाला आहे. तरीही दोघांची दृष्टी वेगळी आहे. 'ईच' एकेकाजवळ थांबतो, 'एव्हरी' एकही न वगळता सर्वांवरून नजर फिरवतो. म्हणून दोनच वस्तू असतील तर 'ईच' चालतो, 'एव्हरी' चालत नाही. माणसाच्या दोन हातांविषयी 'एव्हरी हँड' म्हणता येत नाही. उलट 'जवळजवळ प्रत्येक' म्हणावयाचे तर 'ऑलमोस्ट एव्हरी' म्हणतात, 'ऑलमोस्ट ईच' नव्हे. कारण 'जवळजवळ' म्हणण्यासाठी डोळ्यांपुढे सबंध समुदाय असावा लागतो. मराठीतील 'दर' हा लहानसा शब्द 'एव्हरी' च्या पुष्कळ जवळ जातो. दररोज, दरसाल, दर तिसऱ्या दिवशी यांस इंग्रजीत 'एव्हरी डे', 'एव्हरी इयर', 'एव्हरी थर्ड डे'. आणि 'एक दिवसाआड' यास 'एव्हरी अदर डे' म्हणतात, हे सांगितले की मुलांना मौज वाटते.

मराठीत पृथक्त्व दाखविण्याचे सर्वांत आवडते साधन म्हणजे द्विरुक्ती. 'तीन मुलांना चार चिंचोके मिळाले' आणि 'तीन मुलांना चार-चार चिंचोके मिळाले' यांतील फरक पहिलीचे मूलही जाणते. पहिल्यात चिंचोके चारच, दुसऱ्यात बारा. इंग्रजीत अशी द्विरुक्ती नाही. 'फोर फोर सीड्स' म्हणून चालत नाही. तेथे 'ईच' लागतो : 'द थ्री बॉइज गॉट फोर सीड्स ईच'. वाक्याच्या अंती आलेल्या या 'ईच' ला मराठीतील नेमका शब्द 'प्रत्येकी' हा आहे. 'प्रत्येकी चार चिंचोके'. हा धागा शिक्षकाने घट्ट धरावा, कारण गणिताच्या तासाला 'प्रत्येकी' या शब्दाशी मुलांचा परिचय आधीच झालेला असतो. भागाकाराचे उदाहरण देतानाच बारा चिंचोके तिघांत वाटावे आणि एकेका मुलाकडून 'आय हॅव फोर' असे म्हणवून शेवटी सर्वांकडून 'वुई हॅव फोर ईच' असे म्हणवावे. प्रश्नपत्रिकेत गुणांच्या पुढे 'ईच' छापलेला असतो तो हाच. 'टू मार्क्स ईच' म्हणजे प्रत्येकी दोन गुण.

आता क्रियापदाच्या वचनाचा प्रश्न. 'ईच', 'आयदर', 'नायदर', तसेच 'एव्हरीबडी', 'समबडी', 'नोबडी' यांच्यापुढे क्रियापद एकवचनी येते हा नियम सर्व पुस्तकांत आहे, सर्व मुलांना पाठ आहे आणि तरीही वह्यांत 'ईच ऑफ द गर्ल्स हॅव' असे आढळते. याची कारणे तीन दिसतात. पहिले, 'गर्ल्स' हे जवळचे अनेकवचनी नाम क्रियापदाला आपल्याकडे ओढते. ही चूक इंग्रज मुलेही करतात. त्यावर उपाय असा की 'ऑफ द गर्ल्स' एवढा भाग हाताने झाकून वाक्य वाचावयास लावावे. दुसरे कारण भाषांतराचे. 'एव्हरीबडी' चा अर्थ आपण सवयीने 'सर्वजण' असा सांगतो. 'सर्वजण आले' यात क्रियापद अनेकवचनी, म्हणून मुलगा 'एव्हरीबडी हॅव कम' असे लिहितो. तोच अर्थ 'प्रत्येकजण' असा सांगितला असता तर 'प्रत्येकजण आला' या मराठी वाक्यानेच त्याला एकवचन शिकविले असते. मराठीत हे दोन्ही शब्द हाताशी असता शिक्षकाने इंग्रजीशी जुळणारा शब्द निवडावा. 'ऑल' साठी 'सर्वजण' राखून ठेवावा व 'एव्हरीबडी' साठी 'प्रत्येकजण' वापरावा.

तिसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 'प्रत्येक मुलीकडे दोन वह्या आहेत' या मराठी वाक्यात क्रियापद अनेकवचनी का आहे? कारण ते मुलीला अनुसरत नाही, वह्यांना अनुसरते. मराठीत जवळ असणे हे सांगताना वस्तू हा कर्ता होतो. इंग्रजीत 'हॅव' चा कर्ता ती मुलगी. म्हणून 'ईच गर्ल हॅज टू नोटबुक्स'. मुलगा मराठीतील 'आहेत' मनात धरून 'हॅव' लिहितो. ज्या मुलाची अशी चूक वारंवार होते त्याला 'एकवचन लिही' असे दहा वेळा बजावण्यापेक्षा 'आहेत कोण?' आणि 'हॅज कोणाजवळ?' असे दोन प्रश्न विचारावे. या एका उदाहरणावर एक संपूर्ण तास खर्च झाला तरी तो वाया गेला असे मानू नये.

'ईच' मात्र अनेकवचनी कर्त्याच्या मागाहून आला तर क्रियापद अनेकवचनीच राहते : 'द गर्ल्स ईच हॅव टू नोटबुक्स'. येथे कर्ता 'द गर्ल्स' आहे. 'ईच' केवळ वाटणी सांगतो. ही गोष्ट वरच्या वर्गात सांगावी, खाली सांगू नये.

क्रियापद एकवचनी झाल्यावर पुढे सर्वनाम कोणते वापरावे हा एक जुना तंटा आहे. 'प्रत्येकाने आपापली वही आणावी' असे आपण म्हणतो. 'आपापली' या शब्दात मालकी आली, पृथक्त्व आले, आणि वही आणणारा मुलगा की मुलगी हे सांगण्याची गरज पडली नाही. असा सोयीचा शब्द इंग्रजीत नाही. तेथे 'हिज' म्हणावे तर मुली वगळल्यासारख्या होतात, 'हर' म्हणावे तर मुले. ब्रिटिश पार्लमेंटने 1850 साली कायद्यांच्या भाषेपुरते असे ठरविले की पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश मानावा. भारतात 1897 च्या सर्वसाधारण खंड अधिनियमातही हेच तत्त्व आले. शालेय व्याकरणांनी 'एव्हरीबडी' नंतर 'हिज' चा आग्रह धरला. बोलण्यात मात्र लोक 'देअर' म्हणत आले, आणि एकाच व्यक्तीसाठी 'दे' वापरण्याची ही रीत चौदाव्या शतकापासून इंग्रजी लेखनात आढळते. आज चांगल्या लेखनातही ती मान्य झालेली आहे. तेव्हा मुलीने 'एव्हरीबडी हॅज ब्रॉट देअर बुक' असे लिहिले तर त्यावर तांबडी रेघ ओढू नये. क्रियापद 'हॅज' आहे ना, एवढेच पाहावे. ज्या वर्गात निम्म्या मुली बसल्या आहेत तेथे नेहमी 'हिज' लिहविणे हे आता भाषेच्या दृष्टीनेही आवश्यक राहिलेले नाही.

'आयदर' व 'नायदर' हे शब्द दोहोंपुरतेच आहेत. तिघांपासून पुढे 'एनी' व 'नन' यांचा अंमल सुरू होतो. दोहोंपैकी कोणताही एक म्हणजे 'आयदर', दोहोंपैकी एकही नाही म्हणजे 'नायदर', आणि दोन्ही म्हणजे 'बोथ'. मुलांना हे तीन शब्द एकत्रच शिकवावे. याचे एक उदाहरण गावाच्या व्यवहारातलेच आहे. पतिपत्नींनी बँकेत संयुक्त खाते उघडताना अर्जावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असा एक पर्याय असतो. त्याचा अर्थ असा की दोघांपैकी कोणीही एकाने सही केली तरी पैसे काढता येतात, आणि एकाच्या पश्चात हयात असलेल्यास ते मिळतात. 'जॉइंटली' असा पर्याय घेतला असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर अर्जात ज्याचे नाव पहिले, त्याच्या हयातीत त्यालाच व्यवहार करता येतो. ज्या बाईने न वाचता अंगठा उठविला तिचे नाव खात्यावर दुसरे आहे आणि पर्याय तिसरा आहे, हे पैशाची निकड लागते त्या दिवशी तिला कळते. सातवीत शिकणारी तिची मुलगी तो अर्ज वाचू शकली तर तो इंग्रजीच्या तासाचा फार मोठा उपयोग म्हणावा लागेल. अशा अर्जाचा कोरा नमुना मिळाल्यास वर्गात अवश्य आणावा.

'आयदर' चा एक जुना अर्थ 'दोन्ही' असाही आहे. 'ऑन आयदर साइड ऑफ द रोड' म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंस. पाठ्यपुस्तकात तो आल्यास तेवढ्यापुरता सांगावा.

नकार व 'दोन्ही', तसेच नकार व 'सर्व' एकत्र आले म्हणजे मराठीतही अर्थ डळमळतो. 'सगळी मुले आली नाहीत' असे शिक्षकाने म्हटले तर वर्ग रिकामा आहे की काही बाके रिकामी आहेत? बोलताना आवाजाच्या चढउताराने कळते, लिहिताना कळत नाही. म्हणून मराठीत आपण एका अर्थी 'एकही मूल आले नाही' म्हणतो आणि दुसऱ्या अर्थी 'सगळीच काही आली नाहीत' असे म्हणतो. इंग्रजीत पहिल्यास 'नन ऑफ द चिल्ड्रन', दुसऱ्यास 'नॉट ऑल द चिल्ड्रन'. 'ऑल द चिल्ड्रन डिड नॉट कम' हे संदिग्ध वाक्य मुलांना लिहावयास शिकवूच नये. त्याचप्रमाणे 'बोथ डिड नॉट कम' ऐवजी 'नायदर केम' किंवा 'ओन्ली वन केम', जे खरे असेल ते लिहवावे. हजेरीपटाच्या आधारे हा सराव रोज सकाळी दोन मिनिटांत होतो, आणि उत्तर खरे की खोटे हे बाकांकडे पाहून ताबडतोब ठरते.

'नन' चे क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, यावर शिक्षकांत वाद होताना दिसतो. हा शब्द मुळात 'एकही नाही' अशाच अर्थाच्या दोन शब्दांचा जोड आहे, म्हणून काहीजण एकवचनाचा हट्ट धरतात. परंतु फाउलर यांनी आपल्या 1926 सालच्या इंग्रजी प्रयोगकोशातच तो हट्ट चुकीचा ठरविला होता, आणि दोन्ही प्रयोग शिष्टसंमत आहेत. मोजता न येणाऱ्या वस्तूंविषयी, जसे दूध वा पाणी, एकवचनच येते. परीक्षकाने येथे गुण कापू नयेत.

'फ्यू' व 'अ फ्यू' यांतील अंतर एका 'अ' चे आहे, पण अर्थ उलटतो. 'अ फ्यू केम' म्हणजे थोडे का होईना, आले. 'फ्यू केम' म्हणजे फारसे कोणी आले नाही. मराठीत हे काम 'च' करतो : 'थोडे आले' आणि 'थोडेच आले'. मोजता न येणाऱ्या वस्तूंसाठी याच रीतीने 'लिटल' व 'अ लिटल'. 'वन' हे सर्वनाम माणसामात्राविषयी बोलताना येते, आणि त्याचे मराठी 'एकाने' असे न करता 'माणसाने' किंवा 'आपण' असे करावे. 'ईच अदर' दोघांसाठी व 'वन अनदर' अनेकांसाठी, असा नियम जुन्या पुस्तकांत दिलेला असतो. चांगले लेखक तो कसोशीने पाळत नाहीत आणि मराठीत दोन्हींस 'एकमेकांना' हा एकच शब्द पुरतो. त्यामुळे त्याचा फार बाऊ न करता तो वेळ 'एनीबडी' व 'नोबडी' यांच्या सरावास द्यावा.